मृत्युपत्र: नोटरी आणि स्टॅम्पपेपर राहू द्या, साक्षीदारांचं बघा

प्रश्न थोडक्यात असा: वय ७२. पुण्यात स्वतःच्या कमाईतून घेतलेला फ्लॅट, सातारा जिल्ह्यात वडिलांकडून आलेली तीन एकर शेती, बँकेत ठेवी. घरी पत्नी, दोन मुलगे, एक विवाहित मुलगी. बँकेत आणि सोसायटीत नॉमिनी म्हणून मोठ्या मुलाचं नाव. फ्लॅट आधी पत्नीला आणि तिच्यानंतर धाकट्या मुलाला द्यायचा आहे. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर टाइप करून नोटरी केलं की मृत्युपत्र पक्कं होतं का? की रजिस्टर करावंच लागतं?

स्टॅम्पपेपर लागत नाही. मृत्युपत्रावर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कच नाही, साधा ए-फोर किंवा लेजर कागद चालतो. नोटरी लागत नाही आणि केली तरी त्याने साक्षीदारांची उणीव भरून निघत नाही. नोंदणीही सक्तीची नाही. सक्तीचं आहे ते भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ मध्ये, आणि ते एवढंच: तुमची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या. प्रत्येक साक्षीदाराने तुम्हाला सही करताना पाहिलेलं हवं, नाहीतर 'ही सही माझी आहे' असं तुमच्या तोंडून ऐकलेलं हवं. शिवाय प्रत्येकाने आपली सही तुमच्या समोर केलेली हवी. हे तीन धागे जुळले तर वहीच्या पानावर हाताने लिहिलेलं मृत्युपत्रही टिकतं. ते जुळले नाहीत तर स्टॅम्प, शिक्के, लाल फीत सगळं असूनही ते पडतं. 'सगळं माझ्याच हस्ताक्षरात आहे, मग साक्षीदार कशाला' असंही पुष्कळांना वाटतं. स्वहस्ताक्षरातल्या मृत्युपत्रालाही दोन साक्षीदार लागतातच.

स्टॅम्पपेपर वापरण्यात उलट एक धोका आहे. कागद मुलाने जाऊन आणलेला असतो, विक्रेत्याच्या नोंदीत मुलाचं नाव येतं, आणि उद्या मुलीचा वकील उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच विचारतो. कागदाची तारीख मृत्युपत्रावरच्या तारखेनंतरची निघाली तर मग बोलायलाच नको.

आता तुमच्या मिळकतीकडे. मृत्युपत्राने फक्त स्वतःचं देता येतं, आणि बहुतेक मसुदे इथेच घसरतात. फ्लॅटचा नोंदणीकृत करारनामा काढून बघा. सोसायटीच्या भागदाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) विसंबू नका. करारनाम्यात पत्नीचं नाव जोडलेलं असेल तर तुम्ही साधारणपणे तुमच्या अर्ध्या हिश्श्यापुरतंच लिहू शकता. कर्ज शिल्लक असेल तर फ्लॅट कर्जासकट जाईल. हप्ते कोणी आणि कशातून भरायचे तेही लिहा.

शेतीचं प्रकरण जास्त नाजूक. 'वडिलांकडून आली म्हणजे वडिलोपार्जित' हे समीकरण कायद्यात तसंच्या तसं चालत नाही. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित असेल आणि ते १९५६ नंतर मृत्युपत्र न करता वारले असतील, तर वारसाने आलेला तुमचा हिस्सा तुमचा स्वतंत्र आहे, त्याचं हवं ते करा. पण जमीन आजोबा-पणजोबांपासून एकत्र कुटुंबात चालत आलेली असेल तर तुमचा हिस्सा तेवढाच तुमचा. हे ठरवायला आजचा सातबारा पुरत नाही. जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी, काढा आणि आजोबांपर्यंत मागे जा. 'वारसाने', 'वाटपाने', 'खरेदीने' यातला कुठला शब्द कुठल्या फेरफारात आहे त्यावर सगळं फिरतं.

समजा जमीन खरोखर वडिलोपार्जित आहे. तुम्ही, दोन मुलगे आणि मुलगी हे सहदायाद, म्हणजे जन्मानेच हिस्सा असलेले. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्मानेच सहदायाद आहे, आणि वडील २००५ मध्ये हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. मुलीचं लग्न कधी झालं याने फरक पडत नाही. वडील आणि मुलांमध्ये वाटणी झाली तर आपल्याकडे पत्नीलाही मुलाएवढा हिस्सा मिळतो. १९७८ च्या गुरुपाद मगदूम खटल्यात काल्पनिक वाटणीचा (मृत्यूआधी वाटणी झाली असं धरून केलेला) हिशेब असाच मांडला गेला. म्हणजे पाच हिस्से. तीन एकर म्हणजे १२० गुंठे, त्यातले तुमचे २४. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० मुळे एवढ्या २४ गुंठ्यांचं मृत्युपत्र तुम्ही करू शकता. 'माझी तीन एकर जमीन थोरल्याला' असं लिहिलंत तर सगळं मृत्युपत्र रद्द होत नाही, पण चालतं ते तुमच्या हिश्श्यापुरतंच. बाकीच्या ९६ गुंठ्यांवरून मात्र भावंडांचं भांडण तुम्हीच पेरून जाता. तेव्हा लिहिताना 'गट नंबर अमुक, एकूण क्षेत्र अमुक, पैकी माझा अविभक्त हिस्सा' असे शब्द ठेवा.

शेतीबद्दल आणखी दोन गोष्टी. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल किंवा जमीन कुळकायद्याने मिळालेली असेल तर हस्तांतराच्या अटी आधी तपासा. आणि शेतकरी नसलेल्या परक्या माणसाला मृत्युपत्राने शेती देऊ नका. गुजरातमध्ये लागू असलेल्या आपल्याच १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्याच्या तरतुदींवर सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अशी देणगी चालणार नाही असं ठरवलं आहे. तुमच्या मुलांबाबत हा अडसर येत नाही. सांभाळ करणाऱ्या शहरी भाच्याला किंवा एखाद्या संस्थेला जमीन द्यायची असेल तर येतो.

फ्लॅट 'आधी पत्नीला, मग धाकट्याला' ही इच्छा अगदी रास्त आहे, पण लिहिताना सर्वांत जास्त चुका इथे होतात. नमुना असा असतो: 'माझ्या पश्चात सदर सदनिकेची संपूर्ण मालक माझी पत्नी राहील व तिच्या पश्चात सदर सदनिका माझ्या धाकट्या मुलास मिळेल.' पहिल्या अर्ध्या वाक्यात पूर्ण मालकी दिली आणि दुसऱ्यात ती काढून घेतली. पत्नी पूर्ण मालक असेल तर तिने फ्लॅट विकला, मुलीला बक्षीसपत्राने दिला, स्वतःचं वेगळं मृत्युपत्र केलं, तर धाकट्याने कशाच्या जोरावर अडवायचं? दोन्ही बाजूंना आधार देणारे निकाल मिळतात, म्हणजे खटला हमखास आणि लांब. आधी मनाशी ठरवा की तिला मालकी द्यायची आहे की तहहयात राहण्याचा हक्क. मालकी द्यायची तर तिथेच पूर्णविराम द्या, पुढचं तिने तिच्या मृत्युपत्रात लिहावं. तहहयात हक्कच द्यायचा तर असं लिहा:

'सदर सदनिकेत राहण्याचा, ती भाड्याने देण्याचा व भाडे स्वतः घेण्याचा हक्क माझ्या पत्नीस तिच्या हयातीपर्यंत राहील. तिला सदनिका विकण्याचा, गहाण टाकण्याचा, बक्षीस देण्याचा वा मृत्युपत्राने देण्याचा हक्क राहणार नाही. तिच्या पश्चात सदनिकेची पूर्ण मालकी माझा धाकटा मुलगा याजकडे जाईल. तो माझ्या वा पत्नीच्या हयातीत निवर्तल्यास ती त्याच्या मुलांकडे समान हिश्श्याने जाईल.'

हे वाचायला कठोर वाटतं, पण संदिग्ध नाही. माझं मत विचाराल तर पत्नीला पूर्ण मालकी द्यावी. सत्तरीनंतर दवाखान्याचा मोठा खर्च आला तर विकता न येणारा फ्लॅट तिच्या काही कामाचा नाही. पण तो निर्णय तुमचा.

शेवटच्या ओळीतला 'निवर्तल्यास' हा भाग टाळू नका. ज्याला दिलं तोच तुमच्या आधी गेला तर देणगी लटकते. स्वतःच्या मुलाच्या बाबतीत त्याची मुलं असतील तर कायदा सांभाळून घेतो; पुतण्या, बहीण, मित्र यांच्या बाबतीत नाही. तसंच मसुद्याच्या शेवटी एक उरलंसुरलं गोळा करणारं कलम हवं: 'याखेरीज माझ्या मृत्यूसमयी माझ्या नावे जी काही स्थावर-जंगम मिळकत, ठेवी, शेअर्स, येणी असतील ती अमुक यांस मिळतील.' पुढच्या दहा वर्षांत तुम्ही नवीन ठेव टाकाल, जुनी मोडाल. पावत्यांचे नंबर लिहिण्याच्या नादात मृत्युपत्र जुनं होतं आणि नवी ठेव बाहेर राहते. बँक आणि शाखा लिहा, 'त्या वेळी जी शिल्लक असेल ती' म्हणा.

नॉमिनीबद्दल गैरसमज जुना आहे. मोठा मुलगा नॉमिनी आहे म्हणून पैसा किंवा फ्लॅट त्याचा होत नाही. बँकेने आणि सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा एवढंच नामनिर्देशनाने ठरतं. विम्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये आणि शेअर्सबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. मात्र २०१५ च्या दुरुस्तीने विम्यात आईवडील, पती-पत्नी, मुलं नॉमिनी असतील तर ते लाभार्थी ठरतील असं म्हटलं आहे आणि त्यावर वाद चालू असतात. उपाय साधा आहे: मृत्युपत्रात ज्याला द्यायचं त्यालाच नॉमिनी करा. नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी हिश्श्यांसकट लावता येतात. तुमच्या बाबतीत मोठा मुलगा पैसे उचलणार आणि मग आईला देणार, ही साखळी आत्ताच तोडून ठेवा.

साक्षीदार कोण निवडता याला मसुद्याइतकंच महत्त्व आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६७ प्रमाणे मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करायचं तर हयात आणि उपलब्ध साक्षीदारांपैकी किमान एकाला पिंजऱ्यात उभं राहावं लागतं. म्हणून तुमच्यापेक्षा वयाने बरेच लहान, पत्ता पक्का असलेले, परगावी उडून न जाणारे, चार प्रश्नांना न घाबरणारे दोघे शोधा. सत्तरीतले दोन मॉर्निंग वॉकचे मित्र ही वाईट निवड. ज्यांना मिळकत मिळणार ते किंवा त्यांचे नवरा-बायको साक्षीदार नकोत. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांत अशा साक्षीदाराची देणगीच रद्द होते. हिंदूंना ते कलम लागू नाही, पण संशयाला आयतं निमित्त मिळतं. साक्षीदाराला मजकूर वाचून दाखवण्याची गरज नाही. तो तुमच्या सहीचा साक्षीदार असतो, वाटपाचा नव्हे.

सहीच्या दिवशी तिघं एका टेबलाशी बसा. कायदा दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर हवेत असं म्हणत नाही, पण तसं केलं की सिद्ध करणं फार सोपं होतं. प्रत्येक पानावर खाली तुमची सही आणि '४ पैकी पान २' असा आकडा. तारीख हाताने लिहा. खाडाखोड झाली असेल तर शक्यतो ते पान नव्याने छापा. अगदीच शक्य नसेल तर दुरुस्तीशेजारी समासात तुमची आणि दोन्ही साक्षीदारांची सही. शेवटचं पान नुसतं सह्यांचं ठेवू नका; वाटपाचा किमान एक परिच्छेद त्यावर यायला हवा, नाहीतर 'आधी कोऱ्या पानावर सह्या घेतल्या' हा आरोप येतो. आधी तुमची सही, मग साक्षीदारांची, आणि त्यांच्या सह्यांच्या वर हे वाक्य:

'वरील मृत्युपत्रावर श्री. … यांनी आम्हा दोघांच्या समक्ष, पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने सही केली. ती करताना आम्ही पाहिले आणि त्यांच्या समक्ष आम्ही साक्षीदार म्हणून सह्या केल्या.'

कागद मुलाच्या हाती देऊन साक्षीदाराच्या घरी सहीला पाठवणं ही सर्रास होणारी गोष्ट. तुमच्या समोर सही झाली नाही, कलम ६३ तिथेच मोडलं. साक्षीदार खरं बोलला तर मृत्युपत्र पडतं, खोटं बोलला तर उलटतपासणीत पडतं.

आंधळेपणा, थरथरता हात किंवा निरक्षरता असेल तर डाव्या हाताचा अंगठा चालतो. मात्र मजकूर कोणी, कोणत्या भाषेत वाचून दाखवला हे लिहा. मुंबईतली कितीतरी मृत्युपत्रं इंग्रजीत असतात आणि करणाऱ्या आजींना इंग्रजी येत नसतं. मराठीत लिहिलेलं मृत्युपत्र तितकंच कायदेशीर आहे. मोबाइलवरची डिजिटल सही मात्र चालत नाही, माहिती तंत्रज्ञान कायद्यातून मृत्युपत्र वगळलेलं आहे. व्हिडिओ पूरक पुरावा म्हणून काढा, पण तो साक्षीदारांच्या सह्यांची जागा घेत नाही.

तुमच्या वयाला डॉक्टरांचा दाखला घ्याच. त्याच तारखेचा, डॉक्टरांच्या नोंदणी क्रमांकासह, आणि 'तपासले, प्रश्नांची सुसंगत उत्तरे दिली, मिळकत व वारस यांची जाण आहे' असं नेमकं लिहिलेला. 'तब्येत ठीक आहे' एवढ्याने भागत नाही. नेहमीचे डॉक्टर एक साक्षीदार व्हायला तयार असतील तर उत्तम.

न्यायालय मृत्युपत्राकडे संशयाने कधी बघतं हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९५८ च्या वेंकटचल अय्यंगार निकालापासून ठरून गेलं आहे. सही कापरी, मनाची स्थिती शंकास्पद, जवळच्या वारसाला विनाकारण डावललेलं, आणि ज्याला सगळं मिळतं त्यानेच पुढाकार घेतलेला. शेवटचं लक्षण आपल्याकडे घरोघरी सापडतं. धाकटाच वकील शोधतो, फी भरतो, गाडीतून नेतो, कागद कपाटात ठेवतो. वकील तुम्ही निवडा, सूचना तुम्ही एकट्याने द्या, पैसे तुमच्या खात्यातून जाऊ द्या. आणि मुलीला किंवा थोरल्याला कमी देत असाल तर कारण दोन ओळींत, शांतपणे लिहा. स्वकष्टार्जित मिळकत कोणालाही देण्याचा तुम्हाला हक्क आहे, कारण द्यायची सक्ती नाही. पण 'थोरल्यास व्यवसायासाठी पूर्वी रक्कम दिली आहे' अशी साधी ओळ 'बाबांना तिची आठवणच नव्हती' हा युक्तिवाद बोथट करते. राग मात्र कागदावर काढू नका.

नोंदणी सक्तीची नाही म्हटलं, तरी तुम्हाला मी ती करायलाच सांगेन. कागद बदलल्याचा, हरवल्याचा, मागची तारीख टाकल्याचा वाद त्याने संपतो. महाराष्ट्रात कोणत्याही दुय्यम निबंधक कार्यालयात होते, नोंदणी फी १०० रुपये आणि पानांप्रमाणे हाताळणी शुल्क. माहिती आधी ऑनलाइन भरायची, मग तुम्ही आणि दोन साक्षीदार मूळ मृत्युपत्र, आधार आणि छायाचित्रांसह जायचं. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी अधिकारी घरी येऊ शकतात, त्यासाठी अर्ज आणि वैद्यकीय कागद लागतात. मजकूर फुटेल ही भीती नको. नोंद पुस्तक क्रमांक ३ मध्ये होते आणि तुमच्या हयातीत नक्कल तुम्हाला किंवा तुमच्या मुखत्यारालाच मिळते. त्याहून गुप्तता हवी तर बंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ठेवण्याची सोय कायद्यात आहे.

पण नोंदणीला ढाल समजू नका. नोंदणीने मन शाबूत होतं हे सिद्ध होत नाही, साक्षीदार तरीही हजर करावा लागतो. आणि नंतरचं साध्या कागदावरचं, नीट साक्षांकित मृत्युपत्र आधीच्या नोंदणीकृताला रद्द करतं. म्हणून पहिल्याच परिच्छेदात 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे व पुरवणी मृत्युपत्रे रद्द' हे वाक्य ठेवा. परदेशात मुलं किंवा मिळकत असलेल्यांनी मात्र इथे जपावं. अमेरिकेत तिकडच्या घरासाठी केलेल्या विलमध्ये हेच वाक्य छापील असतं आणि त्याने पुण्याचं मृत्युपत्रही रद्द होऊ शकतं. तिथे 'फक्त त्या देशातील मिळकतीपुरते' ही मर्यादा दोन्हीकडे घाला.

हे सगळं हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांपुरतं. मुस्लिम व्यक्तीला सर्वसाधारणपणे एक तृतीयांशापेक्षा जास्त वारसांच्या संमतीशिवाय देता येत नाही. गोव्यात तर चित्रच वेगळं. तिथे लग्नानंतर मिळकत साधारणपणे पती-पत्नीची निम्मी-निम्मी, आणि आपल्या वाट्यातलाही अर्धा भाग मुलांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी राखीव. मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर करायचं, दोन साक्षीदारांचा घरगुती कागद तिथे पुरत नाही.

पत्नीनेही स्वतःचं मृत्युपत्र करावं. हिंदू स्त्री मृत्युपत्राविना गेली आणि मागे पती-मुलं नसतील, तर तिची स्वतःची कमाईसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांकडे नंतर. निपुत्रिक विधवेच्या बाबतीत हे फार टोचतं.

मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक (एक्झिक्युटर) नेमा, एक पर्यायी नावही द्या. मुंबईत हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला, सक्तीचं होतं. ती सक्ती उत्तराधिकार कायद्याच्या ज्या कलम २१३ मुळे होती ते संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये वगळलं. पुण्याला ती तशीही नव्हती. पण वारस भांडले तर सोसायटी किंवा बँक न्यायालयाचा आदेश मागणारच, आणि प्रोबेट घ्यायचं तर ते फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकालाच मिळतं. शेतीसाठी तलाठ्याकडे मृत्युपत्राची प्रत आणि मृत्यूचा दाखला देऊन फेरफार टाकावा लागतो. सर्व वारसांना नोटीस निघते आणि कोणी हरकत घेतली तर नोंद वादग्रस्त होऊन मंडळ अधिकाऱ्यासमोर जाते. तिथे साक्षीदारांचे जबाब लागतात, म्हणून त्यांचे फोन आणि पत्ते मृत्युपत्रातच असू द्या.

मूळ कागद फक्त तुमच्या एकट्याच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायला वारसाचे कागद लागतात आणि वारसाचा कागद लॉकरमध्येच अडकलेला असतो. व्यवस्थापकाकडे किंवा घरात त्याला माहीत असलेल्या जागी ठेवा, आणि नोंदणीचा दस्त क्रमांक, वर्ष आणि कार्यालयाचं नाव तिन्ही मुलांना सारखंच कळवा.